शून्य ते एक यांमधली संख्या

मार्च 1996. पांढरकवड्यात राष्ट्रीय महामार्ग 7च्या कडेला तुम्ही उभे आहात. नागपूर-हैदराबादचे ट्रक धुरळा उडवत जाताहेत. टपरीवर चहा पिणारा तिशीतला माणूस धडधाकट दिसतो. त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे, हे त्यालाही ठाऊक नाही. त्रास नाही म्हणजे विषाणू निपचित पडलाय, असं अनेकांनी बरीच वर्षं मानलं.

आता अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला चला. गणिती अ‍ॅलन पेरेलसन यांच्यासमोर पाच रुग्णांचे आकडे आहेत. औषध दिल्यावर सुरुवातीला दर दोन तासांनी त्यांचं रक्त तपासलेलं. विषाणू किती वेगानं घटतो, हे समीकरणात घालून ते मागचा हिशेब काढतात: शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होत होते, तितकेच मरत होते. इतक्या प्रती निघताना चुका होणारच. एका औषधाला चुकवणारा बदल त्यात सहज सापडतो. तीन औषधांना एकदम चुकवणारे बदल जुळणं फार अवघड. म्हणून तीन औषधं, तीही एकत्र.

एप्रिल 2004. धामणगाव स्टेशनवर तुम्ही मुंबईच्या गाडीची वाट पाहताय. सरकारचे मोफत उपचार सुरू झालेत, पण सुरुवातीच्या आठ केंद्रांपैकी तुमच्यासाठी आहे ते मुंबईचं जे. जे. रुग्णालय. त्यातही रक्तातल्या रोगप्रतिकारक सीडी-फोर पेशी 200च्या खाली घसरल्या, तरच गोळ्या.

पण पेशी घसरेपर्यंत थांबायचं कशाला? 2009मध्ये रूबेन ग्रॅनिच आणि सहकाऱ्यांचं मॉडेल ‘लॅन्सेट’मध्ये येतं: सगळ्यांची तपासणी करून लगेच औषध दिलं, तर नव्या लागणी झपाट्यानं घटतील. 2011मध्ये पुण्याची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्था सहभागी असलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल लागतो. लवकर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटलेली असते. 2017पासून भारतात सीडी-फोर कितीही असो, निदान होताच उपचार.

त्यानंतरची एक सकाळ. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातलं एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र. तुमच्या पुढची बाई समुपदेशकाला सांगते, “कापसाच्या वेचनीच्या दिवसात इथं यायचं म्हणजे रोजी बुडते जी.”

हे तिचं गाऱ्हाणं थेट गणितातलं आहे. औषध किती परिणामकारक, हे विषाणूच्या वाढ-घटीच्या अशा समीकरणांत शून्य ते एक यांमधल्या एका संख्येनं मांडतात. गोळ्या चुकल्या की ती संख्या घसरते आणि विषाणूला वाट मिळते. ती एकच्या जवळ ठेवायची, तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, रांगेत कुणी ओळखेल ही भीती, सगळं हिशेबात धरावं लागतं. एकाच वेळी काही महिन्यांच्या गोळ्या, गोळ्या देणारं गावाजवळचं लिंक केंद्र, नाव फुटणार नाही याची खात्री, हाही उपचारच आहे. यवतमाळसाठी उपचारांचा आराखडा करणाऱ्यानं त्या बाईचं वाक्य आधी लिहून घ्यावं, आकडे मागाहून भरावेत.