मोडका बाण, रिकामा भाता

जॉन वू यांचा 'ब्रोकन ॲरो' हा चित्रपट 1996 सालचा. जॉन ट्रॅव्होल्टाने रंगवलेला मेजर डीकिन्स आपल्याच हवाई दलाच्या विमानातून दोन अणुबॉम्ब पळवतो, सोबतच्या वैमानिकाला युटाच्या वाळवंटावर आसनासकट बाहेर फेकतो आणि मग सरकारकडे खंडणी मागतो. पुढची तांब्याची खाण, हेलिकॉप्टरं, धावती आगगाडी हे सगळं यथासांग आहे. माझं लक्ष मात्र नावावर खिळलं. चित्रपटातच एक पात्र म्हणतं की अण्वस्त्र हरवणं जास्त भीतीदायक की अशा हरवण्याला ठरलेलं नाव असणं, हे कळत नाही. गोष्टीतलं सगळ्यांत शहाणं वाक्य तेच.

नाव खरंच आहे, आणि ते एकटं नाही. अमेरिकी लष्करात अण्वस्त्रांच्या भानगडी वर कळवण्यासाठी सांकेतिक शब्दांची एक उतरंड आहे. अण्वस्त्राला अपघात झाला, पण त्यातून युद्ध पेटायचा धोका नसला, तर 'ब्रोकन ॲरो', म्हणजे मोडका बाण. त्याहून हलकी घटना म्हणजे 'वाकलेला भाला', आणि किरकोळ दोष म्हणजे 'बोथट तलवार'. शस्त्र चोरीला गेलं, कुणी बळकावलं किंवा हरवलं, तर 'एम्प्टी क्विव्हर', म्हणजे रिकामा भाता. त्या हिशेबाने डीकिन्सची करणी रिकाम्या भात्याची. अर्थात दिग्दर्शकाला अगदीच दोष देता येत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने 1950 ते 1980 या काळातल्या 32 अपघातांची यादी जाहीर केली, तेव्हा अपघाताच्या व्याख्येत चोरी आणि हरवणंही धरलं होतं. म्हणजे चोरीसुद्धा मोडक्या बाणातच मोडत होती. आणि खरं सांगायचं तर 'रिकामा भाता' या नावावर तिकिटं खपली नसती.

'मोडणे' हे क्रियापद मराठीत मोठं उद्योगी आहे. बाण मोडतो, लग्न मोडतं, शंभराची नोट मोडते, पायात काटा मोडतो, आणि वाघ मार्जारकुळात मोडतो. शेजारणीच्या नावाने बोटंही मोडता येतात. इंग्रजी 'ब्रोकन'ला एवढा संसार नाही. पण त्या दोन शब्दांनाही पूर्वायुष्य आहे. याच नावाचा एक चित्रपट 1950 साली आला होता, जेम्स स्टुअर्टचा, अपाची लोकांवरचा. त्यात बाण मोडणं ही तहाची खूण आहे. सेहेचाळीस वर्षांत तेच शब्द तहावरून अणुबॉम्बवर आले.

भात्याची गंमत याहून जुनी. संस्कृतात 'भस्त्रा' म्हणजे कातडी पिशवी, आणि लोहाराचं हवा फुंकायचं साधनही. त्यातून मराठीत जो 'भाता' आला तो दोन्ही कामं करतो. रामाच्या पाठीवर बाणांचा भाता आणि लोहाराच्या भट्टीशेजारी वाऱ्याचा भाता. जिना चढून आलेल्या माणसाची छाती भात्यासारखी हलते म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे लोहार असतो. मूळ वस्तू एकच, चामड्याची पोकळ पिशवी.

'अण्वस्त्र' या शब्दाबद्दल मात्र घडवणाऱ्याचं कौतुक करायला हवं. 'अस्' म्हणजे फेकणे, 'शस्' म्हणजे कापणे. हातातून सुटतं ते अस्त्र, हातात धरून चालवतात ते शस्त्र. बोलताना आपण हा भेद कधीच सोडून दिला आहे, तरी अणुबॉम्बला अण्वस्त्र म्हणताना तो चपखल बसला. फक्त सुटलेलं अस्त्र फुटलंच नाही आणि सापडलंही नाही, तर काय करायचं, याची सोय त्या 'अस्' धातूत नाही.

5 फेब्रुवारी 1958 रोजी नेमकं तेच झालं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सरावादरम्यान एका बी-47 बॉम्बफेकी विमानाची लढाऊ विमानाशी धडक झाली. जखमी विमान सुखरूप उतरवायचं तर वजन कमी करणं भाग होतं, म्हणून वैमानिकाने सुमारे 3,400 किलोचा बॉम्ब टायबी बेटाजवळच्या पाण्यात सोडून दिला. तो आजतागायत सापडलेला नाही. 17 जानेवारी 1966 ला स्पेनमधल्या पालोमारेसवर बी-52 विमान इंधन भरून घेताना टँकर विमानावर आदळलं. चार बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर पडले, त्यांतल्या दोहोंमधली साधी स्फोटकं उडून शेतांत प्लुटोनियम पसरलं. चौथा समुद्रात गेला. आरमाराची शोधयंत्रणा कामाला लागली खरी, पण तो पडताना पाहिला होता एका मच्छीमाराने. तो दाखवत होता ती जागा बरोबर निघाली. बॉम्ब वर यायला 7 एप्रिल उजाडला. त्या मच्छीमाराला गावात 'बॉम्बवाला पाको' हे नाव पडलं ते कायमचं.

या दोन्ही गोष्टींत चोर नाही, गद्दार नाही. धडक आहे, इंधन आहे, वजन आहे. सांकेतिक शब्दांची ती उतरंडही अशीच आहे. बाण मोडतो, भाला वाकतो, तलवार बोथट होते, भाता रिकामा होतो. जे बिघडतं ते हत्यार. बाण भात्यातून काढून नेणाऱ्या माणसासाठी त्या शब्दांत जागा नाही. चित्रपटाला हवा होता नेमका तो माणूस.

आमच्याकडे उलट. मराठीत हत्यारांच्या बिघाडाला एवढी नावं नाहीत, बिघडलेल्या माणसाला मात्र भरपूर आहेत. फितूर, गद्दार, घरभेदी, निमकहराम. यातला निमक फारसी, हराम अरबी. आपलं स्वतःचं 'मीठ' ज्या 'मृष्ट' वा 'मिष्ट'वरून आलं त्याचा अर्थ चवदार, गोड. हिंदीत त्याचं मीठा झालं, आपण तोच शब्द खारट करून घेतला आणि त्याला जागण्याची जबाबदारी अंगावर घेतली. डीकिन्स मागतो ती 'खंडणी'ही पूर्वी एवढी बदनाम नव्हती. रक्कम खंडून, म्हणजे ठरवून घेणे हा तिचा अर्थ. मराठेशाहीत एका सत्तेने दुसरीकडून घ्यायचा तो राजरोस व्यवहार होता. आता ती पोलीस ठाण्यातल्या नोंदीपुरती उरली.

'गद्दार' अरबी 'गद्र'वरून, म्हणजे दगा. 1857 चा उठाव इंग्रजांच्या बाजूने पाहिला तर गदर. पण 1913 साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या वृत्तपत्राने हाच शब्द मुद्दाम नावादाखल घेतला. त्या चळवळीत पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळ्यांना 1915 मध्ये लाहोरला फाशी झाली. दग्याचा शब्द बंडाचा झाला. आपल्या सभांमध्ये हल्ली तो इतका उधळला जातो की त्याची धार कधीच गेली. त्या अमेरिकी उतरंडीतली बोथट तलवार म्हणा.

'फितूर' मात्र मला सगळ्यांत आवडतो. अरबीत त्याचा मूळ भाव ढिलाई, मंदपणा, थंड पडणे. हिंदीत त्याचं डोक्यात शिरलेलं खूळ झालं, मराठीत शत्रूला मिळणं. कोर्टाच्या बातम्यांत साक्षीदार रोज फितूर होतात, तेव्हा त्यांत कट फारसा नसतो. बरेचदा माणूस घाबरून ढिला पडलेला असतो, म्हणजे मूळ अर्थाच्या अधिक जवळ. ट्रॅव्होल्टाचा मेजर तसा कुठेच ढिला नाही. नियम त्याला तोंडपाठ, वागणं शिस्तीचं, हात थरथरत नाही. अरबी अर्थाने तो फितूर नव्हेच. मराठी अर्थाने पक्का. आणि बॉम्ब हातात घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो पाहता हिंदी अर्थही त्याला तंतोतंत लागू पडतो.