शिसवी फर्निचर म्हणजे काय? जुनी कोरीव खुर्ची भंगारात देण्याआधी हे वाचा

पालमसारख्या तालुक्याच्या गावात जुना वाडा उतरवला जातो, तेव्हा खांब, तुळया आणि दारांसोबत एखादी काळीभोर कोरीव खुर्चीही बाहेर येते. कुणीतरी म्हणतं, "जड आहे, जागा अडवते, देऊन टाका." पण ती शिसवी असेल, तर थोडं थांबलेलं बरं.

नेमकं लाकूड कोणतं?

शिसवीचं शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेकडचा शीशम (डाल्बर्जिया सिसू) हा तिचा भाऊबंद, पण झाड वेगळं. शिसवीचा गाभा जांभळट तपकिरी असतो आणि पॉलिश केल्यावर जवळजवळ काळा दिसतो. म्हणूनच इंग्रजांनी तिला 'ब्लॅकवूड' म्हटलं. सागाच्या तुलनेत ती बरीच जड आणि कठीण असते.

मुंबईशी काय संबंध?

19व्या शतकात मुंबईत या लाकडाच्या फर्निचरची एक खास शैली तयार झाली. सोफे, गोल टेबलं, खुर्च्या, लिहिण्याची मेजं यांचे आकार युरोपियन होते, पण त्यांवरची वेलबुट्टी, पानंफुलं आणि जाळीचं कोरीवकाम इथल्या सुतारांच्या हातचं होतं. गिऱ्हाईक होते इंग्रज अधिकारी, व्यापारी आणि श्रीमंत पारशी घराणी. 1851 च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनातही हिंदुस्थानातलं कोरीव फर्निचर मांडलं होतं.

बाहेरही असंच घडलं

दूरच्या संस्कृतीची नक्षी दिवाणखान्यात आणायची हौस जुनीच आहे. 1950-60 च्या दशकांत अमेरिकेत पॉलिनेशियन देवतांचे चेहरे कोरलेल्या 'टिकी' फर्निचरची लाट आली. एल्विस प्रेस्लीच्या ग्रेसलँडमधली 'जंगल रूम' हा त्याच हौसेचा प्रसिद्ध नमुना. 1976 मध्ये त्याने तिथे गाणीही रेकॉर्ड केली. फरक एवढाच, की टिकी नक्षी बहुतेक वेळा पॉलिनेशियाबाहेरचे लोकच कोरत होते, तर मुंबईच्या फर्निचरवर स्थानिक कारागिराचा हात होता.

आता ते का बनत नाही?

शिसवीचं झाड सावकाश वाढतं आणि भरमसाट तोडीमुळे आज ते धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये मोडतं. 2017 पासून डाल्बर्जिया कुळातली जवळपास सगळीच झाडं 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आहेत. त्यामुळे परदेशी व्यापाराला कागदपत्रं लागतात. थोडक्यात, जुनं गेलं की तसं नवं मिळणं अवघड.

घरात असेल तर काय कराल?

- वस्तू उलटी करून पाहा. हाताने केलेल्या कामात आतल्या बाजूला पटाशीचे आणि रंध्याचे ठसे दिसतात. नक्षीही दोन्हीकडे तंतोतंत सारखी नसते.
- रंग मारू नका, पॉलिश खरवडू नका. मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि ऊन, ओल यांपासून लांब ठेवा.
- वेताची बैठक फाटली असेल, तर ती पुन्हा विणून घेता येते. त्यासाठी खुर्ची टाकायची गरज नाही.
- 100 वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही. ऑनलाइन ग्राहक मिळाला, तरी हे आधी तपासा.
- विकायचीच असेल, तर वजनावर देऊ नका. आधी दोन-तीन जाणकारांना दाखवा.

वजनाच्या भावात लाकूड मोजलं जातं. त्यावर कुणीतरी महिनोन्‌महिने चालवलेली पटाशी त्यात धरली जात नाही.