पाद्रींची चांदी

साल १६३६. मांडवीच्या धक्क्यावर होडीतून उतरून तुम्ही गोवा शहरात शिरता. पिशवीत छिन्न्या, हातोड्या आणि राळेचा गोळा. तुम्ही सोनार, आणि अजून हिंदू. म्हणजे बों जेझू चर्चच्या पाद्रींसाठी तुम्ही काम करताच कामा नये. १५६७ च्या धर्मपरिषदेने बजावलं होतं: क्रूस, समया, मूर्ती यांतलं काहीही अख्रिस्ती कारागिराकडून करून घ्यायचं नाही. पण कसबी हात लागतात, तेव्हा पाद्रीही तिकडे काणाडोळा करतात.

काम मोठं आहे. गेल्या वर्षाअखेरीस नापोलीहून मार्सेलो मास्त्रिली नावाचा जेझुइट आला. मरणाच्या दारातून आपल्याला फ्रान्सिस झेवियरने परत आणलं, असं तो सांगतो. आता त्या संताच्या देहासाठी चांदीची शवपेटी घडवायची आहे. त्याच्या आयुष्यातले प्रसंग पेटीच्या चारही बाजूंनी कोरायचे आहेत.

तुम्ही राळ तापवता, पत्रा तिच्यात बसवता आणि मागून ठोकत आकृती फुगवता. मग पत्रा उलटा करून पुढून डोळे, बोटं, झग्याच्या चुण्या. ठोकून ठोकून चांदी ताठ झाली की पुन्हा विस्तवात घालून मऊ करायची. संताचा चेहरा पाद्री सांगतील तसा. कडेच्या वेलबुट्टीत मात्र तुमचा हात आपल्या वळणावर जातो, आणि तिथे कोणी अडवत नाही.

शेजारचा म्हातारा कारागीर विचारतो, "देवाचं काम सोडून इथे कशाला आलास, रे?" प्रश्न बोचरा आहे, कारण तोही इथेच बसला आहे.

कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आजोबांच्या काळातच खाडीपलीकडे, आदिलशाही मुलखात गेले. तिसवाडीतल्या पाडलेल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न तर १५४१ पासूनच मिशनकडे वळवलेलं. प्रभावळी, पालख्या, मखरं ज्या पैशातून व्हायची, तो पैसा आता पाद्रींच्या पेटीत पडतो. भाटातून पीक तेच येतं, फक्त मालक बदलला. मग सोनाराने जायचं कुठे? घराघरांत बाळ्या आणि वाळे घडवून पोट भरेल, पण माणसाएवढ्या पेटीवर समुद्र, गलबतं, गर्दी उठवायला कुठलं गिऱ्हाईक चांदी देईल? एवढी चांदी राजाकडे असते, नाहीतर देवाच्या नावाने. आणि हे पाद्रीही काही साधे नव्हेत. वीस वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच थॉमस स्टीफन्सने ख्रिस्ताचं पुराण मराठी ओव्यांत रचून छापलं. इथल्या माणसाच्या कानाला आणि डोळ्याला काय भावतं, हे त्यांना चांगलं कळतं.

भीती? आहेच. इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, घर इथून फार लांब नाही. पण ज्याचं काम अर्धवट आहे, त्या कारागिराला कोणी सहसा हात लावत नाही. म्हणून तुम्ही एक पत्रा पुरता संपण्याआधीच दुसरा मागून घेता.