काळी, पांढरी आणि स्फुरदाचा दगड

दोन वर्षांपूर्वी एका मित्राने नाशिकजवळच्या दगडखाणीतला एक स्फटिक माझ्या टेबलावर आणून ठेवला. हिरवट, काचेसारखा, टोकदार. "हे अ‍ॅपेटाइट ना?" असे त्याने विचारले. ते अ‍ॅपोफिलाइट होते. आपल्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत ते झिओलाइटच्या सोबतीने वाढते. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात त्याचे देखणे नमुने पाहायला मिळतात. नावांतल्या सारखेपणामुळे मित्र फसला, पण त्यात नवल नाही. 1786मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ आब्राहाम व्हेर्नर यांनी अ‍ॅपेटाइटला हे नाव दिले ते 'फसवणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच. त्यापूर्वी लोक त्याला कधी बेरिल समजत, कधी आणखी काही.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. भूशास्त्र मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि नदीकाठी शिकलो. तरीही मित्राच्या प्रश्नाने मला महिनाभर गुंतवून ठेवले. आपल्याकडे अ‍ॅपेटाइट आहे तरी कुठे?

उत्तर सोपे निघाले. ते सगळीकडे आहे, फक्त दिसत नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थंड झालेल्या दख्खनच्या लाव्ह्यात अ‍ॅपेटाइटच्या सुया आहेत. दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरच त्या नजरेस पडतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे हे खनिज. सोबतीला फ्लोरिन, क्लोरिन किंवा हायड्रॉक्सिल. कातळ झिजून माती होते, तेव्हा या सुयांतला फॉस्फरस, म्हणजे शेतकऱ्याचा 'स्फुरद', मुळांच्या हाती लागतो. तो ज्वारीत जातो, कडब्यात जातो, कडब्यातून बैलात आणि भाकरीतून माणसात. तिथे पोहोचल्यावर शरीर त्याचे पुन्हा अ‍ॅपेटाइट करते. आपली हाडे आणि दात त्याचेच बनलेले आहेत. दाताचे वरचे कवच तर जवळजवळ निव्वळ अ‍ॅपेटाइट.

या प्रवासाचा एक जुना पुरावा आपल्या जिल्ह्यातच सापडला. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळाच्या दरडीतून एका प्राचीन हत्तीची कवटी निघाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी 1905मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. हा हत्ती आजच्या हत्तीपेक्षा थोराड, नर्मदेच्या खोऱ्यातही आढळणारा, आणि केव्हाच नामशेष झालेला.

मांस जाते आणि हाड उरते, ते या खनिजामुळे. गाडलेल्या हाडात जमिनीतल्या पाण्यातले फ्लोरिन हळूहळू शिरते आणि हाड अधिक चिवट होते. एकाच जागी सापडलेल्या दोन हाडांतले फ्लोरिन मोजले, तर ती एका काळातली आहेत की नाहीत हे ताडता येते. इंग्लंडमधल्या ज्या 'पिल्टडाउन मानवा'ने 1912पासून विद्वानांना चकवले होते, त्याचे बिंग फोडण्याची सुरुवात केनेथ ओकली यांच्या 1949च्या फ्लोरिन-चाचणीने झाली. 1953मध्ये लबाडी पुरती उघडी पडली. ज्याचे नावच फसवणुकीवरून पडले, त्याने अशी एक फसवणूक उघडकीस आणली.

पण मला अधिक गुंतवले ते आपल्याच दोन शब्दांनी. गावाची जमीन जुनी माणसे दोन भागांत सांगत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे गावठाण, माणसांच्या वस्तीची जागा. चुलीची राख, शेण, हाडके, पडलेल्या मातीच्या भिंती यांनी शतकानुशतके ती माती पांढुरकी होत गेली. काळीतून पीक पांढरीत यायचे आणि पांढरीतून उकिरड्यावाटे पुन्हा काळीत जायचे. स्फुरदाचे हे येणे-जाणे कोणी वहीत लिहिले नाही, पण भाषेने त्याची दोन्ही ठाणी नोंदवून ठेवली.

माझे आजोबा उन्हाळ्यात ओसाड पांढरीच्या टेकाडावरून बैलगाडीने माती आणून शेतात पसरत. आम्ही मुले त्या मातीतली खापरे वेचायचो. लाल खापर, त्यावर काळी रेघ. वाजवले की खणखणायचे. पुढे जोर्व्याच्या उत्खननातल्या खापरांची चित्रे पाहिली आणि पोटात गोळा आला. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि प्रवरेकाठच्या जोर्व्यात उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीचा भर इसवी सनापूर्वी सुमारे 1400 ते 1000 या काळातला. आजोबा खत म्हणून जे नेत होते, तो कदाचित तीन हजार वर्षांचा दस्तऐवज होता.

मात्र खत म्हणून त्यांची पारख चुकीची नव्हती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमध्ये ओलोफ अर्‍हेनियस शेतजमिनीतला फॉस्फेट मोजत होते. जिथे आकडा अचानक चढे, तिथे जुनी वस्ती असल्याचे त्यांच्या लक्षात आले. आज पुरातत्त्वात ही रूढ पद्धत आहे. तेच ज्ञान आजोबांना उलट्या बाजूने होते: जिथे जुनी वस्ती, तिथे माती जोमदार.

हे चक्र तुटायला एकोणिसाव्या शतकात सुरुवात झाली. 1842मध्ये इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉझ यांनी हाडे व फॉस्फेटी खनिजे गंधकाम्लात विरघळवून सुपरफॉस्फेट बनवण्याचे पेटंट घेतले. हाडांना जगभर भाव आला. इंग्लंड साऱ्या युरोपची हाडे ओढून नेते, असा आरोप लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केला. हिंदुस्थानची हाडेही जहाजांत चढली. सरकारने बोलावलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या 1893च्या शेतीविषयक अहवालात या निर्यातीची चर्चा आहे. काळीतून पांढरीत आलेला स्फुरद आता बंदरातून बाहेर जाऊ लागला.

आज जहाजे उलट दिशेने येतात. उदयपूरजवळच्या झामरकोटड्यासारखे खनिजसाठे देशात आहेत, पण गरजेच्या मानाने तुटपुंजे. त्यामुळे मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून कच्चा दगड, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार खत आणावे लागते. प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेले ते अ‍ॅपेटाइट निफाडच्या द्राक्षबागेत डीएपीच्या गोणीतून पोहोचते. 50 किलोच्या एका गोणीत मूळ स्फुरद सुमारे 10 किलो. युद्ध कुठेही पेटो, किंवा एखाद्या देशाने निर्यात रोखो, झळ आपल्या बांधापर्यंत येते.

आणि एवढ्या लांबून आलेला स्फुरद पिकाला मिळतो किती? पहिल्या हंगामात साधारणपणे त्याचा लहानसाच हिस्सा. आपली काळी माती चुनखडीची. तिच्यातला कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवतो आणि कालांतराने त्याचे संयुग पुन्हा अ‍ॅपेटाइटच्या वळणावर जाते. कारखान्याने आम्ल घालून जो दगड फोडला, तो जमीन सावकाश पुन्हा जुळवते. काही स्फुरद मातीच्या कणांबरोबर पावसात वाहून जातो. त्यात शहराचे सांडपाणी मिसळते आणि सगळे गोदावरीतून खाली उतरते.

उतरून जाते कुठे? नांदूरमध्यमेश्वरला. जिथे तो हत्ती सापडला, तिथेच आज बंधारा आहे, पक्षी अभयारण्य आहे. 2020मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याला मान मिळाला. गेल्या हिवाळ्यात तिथे उभा होतो, तेव्हा फ्लेमिंगो पाहायला आलेली माणसे दुर्बिणी सरसावत होती आणि काठाशी पाणवेलीचा हिरवा गालिचा दाटला होता. पाणवेल नत्र आणि स्फुरदावर पोसते. आपण विकत घेतलेल्या दगडाचा काही भाग तिच्या पानांत होता.

स्फटिक आणणारा मित्र द्राक्षबागायतदार आहे. हे सारे त्याला सांगितल्यावर त्याने कपाटातून माती परीक्षणाचा अहवाल काढला. स्फुरदापुढे लिहिले होते: 'अत्यंत जास्त'. तीन वर्षांपूर्वीचा कागद होता. घडी उलगडून त्याने तो नीट वाचलाच नव्हता; गोण्या मात्र दरवर्षी ठरल्याप्रमाणे पडत होत्या.

"म्हणजे माझीच काळी आता पांढरी झाली म्हण की," तो म्हणाला.

यंदा गोडी छाटणीआधी त्याने माती आणि पुढे देठ, दोन्ही तपासून घेतले. डीएपीच्या गोण्या निम्म्यावर आणल्या. बाग नेहमीसारखीच फुटली आहे. आजोबांच्या शेतातले ते काळ्या रेघेचे खापर माझ्या टेबलावर आहे, आणि आता त्याच्या शेजारी त्याचा हिरवा स्फटिकही.