आप्पांची फोर्ड

आमच्या वाड्याच्या मागे गुरांच्या गोठ्याला लागून एक पत्र्याची शेड होती. तिच्यात अर्ध्या भागात कडबा आणि उरलेल्या अर्ध्यात आप्पांची मोटार. मला कळायला लागलं तेव्हा ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. पण दसऱ्याला तिची पूजा चुकली नाही. नांगर, तराजू, विळे मांडून झाले की आप्पा स्वतः जाऊन तिच्या रेडिएटरला झेंडूची माळ घालायचे. एरवी तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आप्पा म्हणजे माझे आजोबा.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, ज्वारी-बाजरीचा मुलूख, अर्धं गाव मुंबईच्या गिरण्यांत. मुंबईला जायचं तर आधी कोरेगावचं रेल्वे स्टेशन गाठायचं. दहिवडी, पुसेगाव, मग वर्धनगडाचा घाट उतरून कोरेगाव. बैलगाडीने निघालं तर रात्र वाटेतच. हे हेरून आप्पांनी 1930 च्या सुमारास पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून जुनी फोर्ड विकत घेतली. त्यासाठी खिलारी बैलांची जोडी गेली आणि आजीच्या पाटल्या गेल्या. पाटल्यांचा विषय आजीने मरेपर्यंत सोडला नाही.

ती मोटार म्हणजे फोर्डचं टी मॉडेल. हेन्री फोर्ड हा मूळचा अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. 1908 साली त्याने हे मॉडेल बाजारात आणलं आणि 1927 पर्यंत तेच एक मॉडेल दीड कोटीवर विकलं. सुरुवातीला किंमत 850 डॉलर होती. 1913 साली त्याने कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायची पद्धत आणली. एका सांगाड्याच्या जोडणीला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आले, आणि 1925 पर्यंत सगळ्यात स्वस्त गाडी 260 डॉलरला मिळू लागली. आपल्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्यातून यायच्या, कारण इंग्रजी साम्राज्यातल्या देशांना माल पुरवायचं काम त्या शाखेकडे होतं. त्यामुळे आप्पांची गाडी अमेरिकन म्हणून ओळखली जायची तरी तिचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजव्या हाताला होतं.

जुन्या मोटारींचा इतिहास वाचायला घेतला की संस्थानिक भेटतात, त्यांच्या रोल्स-रॉइस भेटतात. वाचायला मजा येते. पण आमच्या भागात मोटार आली ती राजाची म्हणून नाही, सर्व्हिस मोटार म्हणून आली. आत कायदेशीर पाच माणसं, प्रत्यक्षात नऊ-दहा. दोन्ही बाजूंच्या फुटबोर्डावर बोचकी, मागे कोंबड्यांची पाटी. चैत्रात शिखर शिंगणापूरची जत्रा आली की टपावरही पोरं.

एवढा भार त्या गाडीने कसा ओढला असेल, असं आज वाटतं. इंजिन अवघ्या वीस हॉर्सपॉवरचं. पण तिची उंची चांगली होती, बैलगाडीच्या चाकोरीतून ती पोट न घासता जायची. पुढे एक आणि मागे एक असे दोनच आडवे पाटे असल्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असलं तरी सांगाड्याला पीळ बसायचा नाही. पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, गार होऊन खाली यायचं. चाकांच्या आऱ्या लाकडी. उन्हाळ्यात लाकूड सुकून आऱ्या खुळखुळायला लागल्या की गाडीच्या चाकाला पाजतात तसं तिच्या चाकांना रात्रभर ओलं पोतं गुंडाळून पाणी पाजायचं. हे कुणा साहेबाने शिकवलं नव्हतं. गावच्या सुताराने बघितल्याबरोबर सांगितलं.

गाडी आप्पांची, पण ती चालवायचा मिस्त्री. आमच्याच गावचा, आप्पांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. शाळेत दुसरीपर्यंत गेलेला. आधी पुण्याला एका गॅरेजमध्ये क्लीनर होता. आम्ही पोरं त्याला मिस्त्रीकाका म्हणायचो.

टी मॉडेल चालवणं म्हणजे आजच्या ड्रायव्हरला हातपाय बांधल्यासारखं वाटेल. तिला तीन पेडल, पण अॅक्सिलरेटर त्यात नाही. डावं पेडल पूर्ण दाबून धरलं की गाडी हळू गिअरमध्ये जाते, अर्धं सोडलं की न्यूट्रल, पूर्ण सोडलं की वेगाचा गिअर. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं. पेट्रोल कमीजास्त करायचं ते हाताने. स्टिअरिंगच्या खाली दोन बाजूंना मिशांसारख्या दोन दांड्या असतात. उजवी पेट्रोलची, डावी स्पार्कची. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे ती डावी दांडी ठरवते. वर असली तर उशिरा, खाली ओढली तर लवकर. इंजिन सुरू करताना ती वरच पाहिजे. सुरू झालं की खाली ओढायची. या दांडीपाशी मला पुन्हा यायचं आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

वर्धनगडाच्या घाटाची गोष्ट गावात अजून सांगतात. कोरेगावहून भरलेली गाडी यायची आणि घाटाच्या तोंडाशी मिस्त्री तिला वळवून उलटी उभी करायचा. मग रिव्हर्स टाकून घाट पाठमोरा चढायचा. लोकांना वाटायचं, हा मिस्त्रीचा चमत्कार. त्यामागे साधी गोष्ट होती. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आणि पेट्रोल इंजिनात जायचं ते नुसत्या उताराने. टाकी कमी भरलेली असताना गाडीचं तोंड वर झालं की इंजिन उंच, टाकी खाली, पेट्रोल जाणार कसं? शिवाय रिव्हर्सची ओढ हळू गिअरपेक्षाही जास्त. म्हणून उलटं चढायचं. टाकीत किती आहे ते दाखवणारा काटा नव्हता. पॅसेंजरला उठवायचं, सीट काढायची आणि बाभळीची काठी बुडवून बघायची. त्या काठीवर मिस्त्रीने चाकूने खुणा केल्या होत्या. एक खूण घाटाची होती. तिच्याखाली पेट्रोल असलं की उलटं.

दिव्यांचीही तीच तऱ्हा. दिव्याची वीज इंजिनाच्या मॅग्नेटोतून यायची. इंजिन जोरात तर उजेड लख्ख, हळू तर उजेड काजव्याएवढा. म्हणजे जिथे वळणावर हळू जायचं तिथेच अंधार. रात्री अवघड जागी मिस्त्री गाडी न्यूट्रलला घ्यायचा, इंजिन भरकन वाढवून पुढचा रस्ता एकदा डोळ्यांत भरून घ्यायचा आणि मग पुढे सरकायचा.

पावसाळ्यात काळ्या रानातला रस्ता बंद. तेव्हा मागची बाजू ओंडक्यांवर उचलून एका चाकावर पट्टा चढवायचे आणि पिठाची गिरणी फिरवायचे. पुढे मी वाचलं की अमेरिकेतले शेतकरीही याच गाडीवर असंच लाकूड कापायचे, पाणी उपसायचे. माणच्या आणि मिशिगनच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना बघितलं नव्हतं, पण नड सारखीच होती.

महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं. मोठ्या सर्व्हिस गाड्यांना मागे कोळशाची भट्टी लावून गॅसवर चालवायला लागले. आमच्या फोर्डला ते ओझं झेपलं नाही. ती आठवड्यातून दोनदा निघायची. आणि मग 1 जून 1948 ला सरकारची पहिली एसटी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. एकेक रस्ता सरकारकडे जात आमच्या रस्त्यावरही एसटी आली. लोकांसाठी ते चांगलंच झालं. वेळेवर गाडी, ठरलेलं भाडं, कुणी कुठेही बसावं. आप्पांच्या गाडीत कुणी कुठे बसायचं ते आप्पा ठरवायचे, आणि त्यातले काही नियम सांगायला मला आज लाज वाटते.

आप्पांचा धंदा बसला. मिस्त्री एसटीत ड्रायव्हर म्हणून लागला. त्या दिवसापासून आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. "माझ्या गाडीवर शिकला आन् सरकारच्या गाडीवर गेला," एवढंच ते म्हणायचे. एका गावात राहून तीस वर्षं दोघं एकमेकांना बघून रस्ता बदलत.

मिस्त्रीचं डावं मनगट वाकडं होतं. आमच्या घरात त्याचं कारण ठरलेलं होतं: हँडल मारताना मिस्त्रीने अंगठा चुकीचा धरला, हँडल उलटलं, हात मोडला. पोरांना ताकीद द्यायची असली की आई हाच दाखला द्यायची. "नीट काम केलं न्हाय की मिस्त्रीसारखं व्हतंय."

आप्पा 1978 साली गेले. पुढच्या वर्षी मुंबईचे एक हौशी गृहस्थ मोटार बघायला आले. 1919 ते 1930 मधल्या गाडीला व्हिंटेज म्हणतात, तिला आता मोल आलंय, असं त्यांनी सांगितलं. विहिरीचं काम अर्धवट राहिलेलं, वडिलांना पैसे हवेच होते. गृहस्थ म्हणाले, चालू करून दिलीत तर रक्कम वाढवून देईन. कोरेगावहून आणलेल्या मेकॅनिकने दोन दिवस खटपट केली आणि हात जोडले. शेवटी वडिलांनी मला मिस्त्रीकडे पाठवलं. स्वतः गेले नाहीत.

मिस्त्री रिटायर होऊन घरी होता. मी सांगितलं तसा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शेड आहे का गळती?" दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

चार दिवस लागले. टाकी धुतली, रेडिएटरमधली माती काढली. इंजिनाजवळ लाकडी पेटीत चार कॉइल असतात, त्या एकेक काढून त्याने बॅटरीवर लावून ऐकल्या. चांगली कॉइल भुंग्यासारखी एकसुरी वाजते, बिघडलेली तुटक. त्याला मीटर लागलं नाही, कान पुरला. पाचव्या दिवशी त्याने मला हँडलपाशी उभं केलं आणि स्वतः सीटवर बसला.

"डावा हात. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, मूठ आवळू नको. खालून वर वढायचं. वरनं खाली कधी दाबायचं न्हाय. उलटलं तर हात सुटला पायजे."

मी वाकलो, तेवढ्यात तो ओरडला, "थांब!" उतरून पुढे आला, मला हाताला धरून स्टिअरिंगपाशी नेलं आणि डावी दांडी दाखवली. वर होती. "ही आधी बघायची. सीटवर कोण बी बसलेला असू दे, देव असला तरी. हँडल मारणाऱ्यानं सोता येऊन बघायची."

मी म्हटलं, "काका, तुमचा अंगठा चुकला होता ना तेव्हा?"

तो जरा वेळ दांडीकडेच बघत राहिला. "अंगठा बराबर व्हता, पोरा. गाडी गाठायची घाई. आप्पा सीटवर बसलं आन् सवयीनं स्पार्क खाली वढला. म्हणलं, मार जोरात. मी पुरा फेरा मारला."

"मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? मालक व्हतं. आन् त्यांनाबी ठावं व्हतं. दवाखान्यात तेच घिऊन गेलं मला. वाटंनं एक शबूद बोलले न्हाईत."

तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. सगळी गाडी थरथरायला लागली, कोंबड्या उडाल्या, वडील वाड्यातून धावत बाहेर आले. मिस्त्रीने दांडी खाली ओढली तसा आवाज सरळ झाला. वडिलांनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी मी घरात सगळ्यांसमोर मनगटाची खरी गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "आप्पा असं करायचं न्हाईत." वडील काही बोलले नाहीत. पण त्या वर्षी दसऱ्याला पहिलं सोनं द्यायला ते मिस्त्रीच्या दारात गेले.

मोटार विकली. विहिरीला पाणी लागलं. आता कधी पुण्या-मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली असली की मी जातो. रंग लखलखीत, मालक फेटा बांधून बसलेले. मला कौतुक वाटतं, कारण शंभर वर्षांचं यंत्र चालतं ठेवणं सोपं नाही. पण मी गाडीच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो, हँडल घेऊन वाकलेल्या. तो वाकण्याआधी स्टिअरिंगपाशी जाऊन डावी दांडी बघून आला का, एवढंच मला बघायचं असतं. नसला आला तर मी पुढे होऊन सांगतो. काहींना राग येतो. येऊ दे.