आई आजारी, पदराशी तान्हं बाळ

बाई तापानं फणफणलेली असली आणि पदराशी तान्हं बाळ असलं, तर काय हाल होतात ते तुम्हांला सांगायला नको. आईचा ताप उतरेपर्यंत बाळाची भूक काही थांबत नाही. आज आम्ही तुम्हांला शंभर वर्षांमागच्या कुर्ल्यात नेणार आहोत. तिथल्या आयांपुढं हाच पेच होता. तो त्यांनी कसा सोडवला, त्याची किंमत कोणी मोजली, ते ऐका.

कुर्ला तेव्हा मुंबई शहरात धरलं जात नव्हतं. १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल घेतली, तिची पुढं स्वदेशी मिल झाली. भोंग्याच्या आवाजावर वस्ती उठू-झोपू लागली. मुंबईच्या गिरण्यांत कामाला आलेली माणसं आपल्याच गावांची होती, कोणी रत्नागिरीकडची, कोणी साताऱ्याकडची. बायका बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. मजुरी उक्ती. जेवढं सूत तेवढे पैसे. खाडा झाला की त्या दिवसाची कमाई गेली.

अशात १९१८ साल उजाडलं. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा शिरला आणि पावसाळा सरता सरता गावोगाव पसरला. आपल्याकडं त्याला मानमोडी म्हणत. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. एरवी साथीत म्हातारे आणि लेकरं जास्त दगावतात. या वेळी तरणीताठी माणसं गेली, आणि त्यांत बायका जास्त. तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याचं एक कारण असं नोंदवलं, की घरातल्या आजाऱ्यांची सेवा बाईच करते, स्वतः तापात असली तरी. आमच्या मते या एका वाक्यात बाईचा सगळा इतिहास आला. ती आडवी पडली की तिला पाणी द्यायला कोणी नव्हतं.

साथ ओसरली, पण रोजचं जिणं तेच राहिलं. बाळंतपणानंतर अंगात जोर नसताना बाई खात्यावर परतायची. बाळ कुठं ठेवायचं? एका खोलीत दहा माणसं, शेजारी पाळीचा कामगार झोपलेला. मग उपाय एकच, बाळगोळी. तिच्यात अफू असायची. बाळ तासन्‌तास निपचित पडायचं, आई कामावर जायची किंवा तापात घटकाभर डोळा मिटायची.

सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी मुंबईच्या गिरण्यांतल्या आयांची पाहणी केली. १९२२ साली त्यांचा अहवाल आला. गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या शंभरांतल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी सांगितलं. अफूनं बाळाची भूक मरते, श्वास मंदावतो. रडत नाही म्हणून त्याला पाजलं जात नाही, आणि पाजलं नाही म्हणून आईचं दूधही आटतं. बाळ गुणी वाटतं आणि वाळत जातं.

यात आयांना दोष देणं सोपं होतं, आणि अनेकांनी तो दिलाही. पण मैत्रिणींनो, ज्या बाईला आजारपणात एक दिवसाची रजा नाही, तिच्या हाती दुसरं काय होतं? अज्ञान होतंच, पण त्याहून मोठा होता तो खाडा.

हे ओळखून १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला असा हा पहिलाच. दिवसाला आठ आणे भत्ता ठरला. पुढं गिरण्यांत पाळणाघरांचीही तरतूद झाली. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यानंतरच्या काळात गिरण्यांनी बायका घेणं कमी कमी केलं. कायदा आला, पण त्याचा लाभ घेणारे हात घटत गेले.

१९६१ च्या कायद्यानं देशभर बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली. बाळंतपणामुळं बाई आजारी पडली तर वर एक महिना. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवडे झाली. पण दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना यातलं किती मिळतं? त्यांचा खाडा अजून तसाच आहे.

म्हणून कुर्ल्याच्या त्या आयांकडून आम्ही तीन गोष्टी शिकलो. पहिली, साधा ताप, सर्दी, जुलाब असले तरी अंगावर पाजणं तोडू नका. आईच्या अंगात आजाराशी लढणारी जी ताकद तयार होते, ती दुधातून बाळाला मिळते. हात साबणानं धुवा, तोंडाला पदर नाही तर मास्क बांधा, आणि औषध घेताना बाळ अंगावर पितं हे डॉक्टरांना सांगा. दुसरी, बाळ झोपावं म्हणून अफू नको, खोकल्याचं औषधही नको. बाळ दूध ओढेना, धापा टाकू लागलं, सुस्त पडलं, किंवा बाळंतिणीला ताप आला, तर आशाताईंना बोलवा किंवा १०८ ला फोन करा. वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट गटाची. कुर्ल्याच्या बाईला गोळी लागली, कारण बाळ धरायला दुसरा हात नव्हता. आपल्या गटात दहा-बारा जणी आहोत, म्हणजे वीसेक हात आहेत. पुढच्या बैठकीत वहीत एक पान घाला. तान्हं बाळ असलेली बाई आजारी पडली, तर तिचं पाणी कोण भरेल, भाकरी कोण देईल, पाजून झाल्यावर बाळ कोण घेईल, ते नावानिशी लिहा. हप्त्याची वसुली जशी लिहितो, तशीच.