एका उपपदाचा अर्थ : गुजरात विद्यापीठ अधिनियम, 1949 आणि माध्यमाचा वाद

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने अवघ्या दोन वर्षांत विद्यापीठविषयक अनेक कायदे संमत केले. पुणे विद्यापीठाचा कायदा 1948 चा. बडोदे, कर्नाटक, गुजरात आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ यांचे कायदे 1949 चे. भाषावार प्रांतरचना अद्याप दूर होती. तरीही मराठी, कानडी आणि गुजराती प्रदेशांसाठी वेगवेगळी विद्यापीठे त्या बहुभाषिक विधिमंडळाने आधीच निर्माण केली. भाषिक राज्यांच्या इतिहासात या क्रमाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. राज्याच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वी विद्यापीठांच्या सीमा आखल्या गेल्या होत्या, आणि ‘शिक्षणाचे माध्यम कोणते’ हा प्रश्न त्या सीमांच्या आत विधीच्या भाषेत मांडला गेला होता.

गुजरात विद्यापीठ अधिनियमाच्या चौथ्या कलमात विद्यापीठाच्या अधिकारांची सूची आहे. त्यातील सत्ताविसाव्या खंडाने विद्यापीठास गुजराती आणि देवनागरीतील हिंदी या भाषांच्या अभ्यासाचा विकास साधण्याचा, तसेच अध्यापनाचे व परीक्षेचे माध्यम म्हणून त्यांच्या उपयोगास चालना देण्याचा अधिकार दिला. खंडास एक परंतुक जोडलेले होते : परिनियमांद्वारे ठरविलेल्या विषयांपुरते, आणि दहा वर्षांहून अधिक नाही इतक्या मुदतीपर्यंत, इंग्रजी हे माध्यम चालू राहू शकेल. कलमामागील प्रेरणा स्पष्ट आहे. महात्मा गांधींनी 1920 साली स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठ या राष्ट्रीय संस्थेने (अहमदाबादेतील ही संस्था आणि 1949 चे विद्यापीठ यांत मराठी वाचकाने गल्लत करू नये) शासकीय मान्यतेची पर्वा न करता मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा आग्रह धरला होता. तोच आग्रह आता कायद्याच्या रूपाने आला. 1957 ते 1960 या काळात विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणारे मगनभाई देसाई हे त्याच परंपरेतील. परकीय भाषेच्या ओझ्यातून विद्यार्थ्याची सुटका करणे हे त्या पिढीच्या दृष्टीने भाषाभिमानाचे नव्हे, तर न्यायाचे काम होते, याचे विस्मरण होता कामा नये.

इंग्रजीची दहा वर्षांची मुदत सरत आली तेव्हा प्रदेशाचे चित्र पालटले होते. 1 मे 1960 रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले. 1961 साली गुजरात विधिमंडळाने अधिनियमात दुरुस्ती केली, इंग्रजीची मुदत वाढविली, आणि संलग्न महाविद्यालयांनी माध्यमविषयक तरतुदी पाळल्याच पाहिजेत असे नवे कलम घातले. परिनियमही त्यानुसार बदलले : गुजराती हे मुख्य माध्यम, अन्यभाषकांना हिंदीचा पर्याय, आणि इंग्रजीस केवळ मर्यादित व तात्पुरती सवलत.

या चौकटीत न बसणारा एक विद्यार्थी अहमदाबादेत होता, आणि तो मराठीभाषक होता. मार्च 1960 मध्ये, म्हणजे विभाजनाच्या जेमतेम दोन महिने आधी, त्याने मुंबई राज्याची शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून दिली. पुढे त्याने एका संलग्न महाविद्यालयाच्या इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत कला शाखेचे पहिले वर्ष पूर्ण केले. इंटरच्या वर्गात मात्र, विद्यापीठाच्या अनुमतीवाचून इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत बसता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. वडिलांनी कुलगुरूंकडे अर्ज केला. विद्यापीठाने इंग्रजीतून परीक्षा देण्याची मुभा दिली, पण इंग्रजीतून शिकण्याची नाकारली. व्याख्याने एका भाषेत ऐकायची आणि उत्तरे दुसऱ्या भाषेत लिहायची, अशी ही तोड होती. ज्या मुलाची मातृभाषा या दोहोंपैकी एकही नव्हती, त्याच्यापुढे ती ठेवली गेली. मातृभाषेच्या न्याय्य तत्त्वावर उभारलेल्या कायद्याने या मुलाच्या मातृभाषेचा विचारच केलेला नव्हता. सीमेपलीकडे गेलेली मराठी ही येथे केवळ ‘अन्य’ भाषा ठरली होती. इंग्रजी त्याला हवी होती ती प्रतिष्ठेसाठी की केवळ आसऱ्यासाठी, हे कागदपत्रांवरून ठरविणे कठीण आहे. पण अल्पसंख्य भाषकांस परकी भाषाच तटस्थ भूमी वाटावी, ही स्थिती भारतीय भाषाकारणात वारंवार दिसते.

गुजरात उच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला. विद्यापीठ व राज्यशासन सर्वोच्च न्यायालयात गेले. सहा न्यायमूर्तींच्या पीठाने 21 सप्टेंबर 1962 रोजी निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्या. जे. सी. शाह यांचे होते; त्यांचा जन्म अहमदाबादचा. न्या. के. सुब्बा राव यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. 1954 साली ते तेलुगू भाषकांसाठी निर्माण झालेल्या आंध्र राज्याच्या उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते. दोघांच्या प्रादेशिक पार्श्वभूमीवरून त्यांच्या मतांचा उलगडा करू पाहणे मात्र धोक्याचे आहे.

बहुमताने घटनेच्या सातव्या अनुसूचीचा प्रश्न तपशिलाने हाताळला. विद्यापीठांसह शिक्षण हा विषय त्या वेळी राज्यसूचीतील अकराव्या नोंदीत होता. उच्च शिक्षणाच्या दर्जांचे समन्वयन व निश्चिती मात्र संघसूचीच्या सहासष्टाव्या नोंदीत. माध्यमाचा परिणाम दर्जावर थेट होत असेल, पुरेशी पाठ्यपुस्तके आणि सक्षम अध्यापक नसतील, तर तेवढ्यापुरते राज्याचे क्षेत्र आकुंचित होते, अशी भूमिका बहुमताने घेतली. राज्याला माध्यम ठरविण्याचा अधिकार आहे, असे भिन्नमत होते. विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी या भागाची चर्चा विपुल केली आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असे स्थळ निराळे आहे. विद्यापीठाला गुजराती वा हिंदी हे एकमेव माध्यम लादण्याचा अधिकार अधिनियमाने दिला होता काय, या प्रश्नाचे उत्तर बहुमताने सत्ताविसाव्या खंडाच्या शब्दरचनेत शोधले. इंग्रजी संहितेत ‘प्रमोट’ हे क्रियापद होते. चालना देणे म्हणजे इतरांना वगळणे नव्हे. आणि ‘मीडियम’ या नामापूर्वी ‘अ’ हे अनिश्चित उपपद होते, ‘द’ हे निश्चित उपपद नव्हे. म्हणजे गुजराती किंवा हिंदी हे अनेकांपैकी एक माध्यम असावे, एवढाच विधिमंडळाचा हेतू. परंतुकातील मुदत संपल्यावर इंग्रजी आपोआप बाद होते, हा ध्वन्यर्थ बहुमताने स्वीकारला नाही. अपील निष्फळ ठरले.

गुजरातीत उपपद नाही. हिंदीत नाही, मराठीतही नाही. ‘शिक्षणाचे माध्यम म्हणून’ ही मराठी शब्दयोजना एक माध्यम आणि एकमेव माध्यम या दोहोंना मोकळी जागा देते. तो भेद संदर्भाने किंवा ‘च’सारख्या अव्ययाने दाखवावा लागतो. ज्या भाषांच्या हितासाठी कलम रचले गेले, त्यांपैकी कोणत्याही भाषेत ते लिहिले असते, तर बहुमताच्या युक्तिवादाचा हा धागा उपलब्धच झाला नसता. यावरून निकाल वेगळा लागला असता असे मात्र म्हणता येत नाही, कारण ‘चालना’ या शब्दाचा आधार उरलाच असता. शिवाय त्या अनिश्चिततेत एका मराठीभाषक मुलाचा वर्ग शाबूत राहिला, हेही विसरता येत नाही.

पुढे 1971 साली पंजाबी विद्यापीठाच्या ‘एकमेव माध्यमा’च्या आदेशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने विचार केला. विविध राज्यांत विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळे निघाली, ती पाठ्यपुस्तकांची उणीव भरून काढण्यासाठी. परिभाषा घडली, ग्रंथ छापले गेले, परंतु विज्ञान-तंत्राच्या शाखांत त्यांना वाचक मिळणे अवघड गेले. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (1976) शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. सहासष्टावी नोंद जागच्या जागी राहिली.

घटनेचे 348 वे कलमही तसेच आहे. राज्य विधिमंडळाने आपल्या भाषेत कायदा केला, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होणारा त्याचा इंग्रजी अनुवाद हाच त्या कलमान्वये अधिकृत इंग्रजी पाठ समजला जातो. गुजरातीत वा मराठीत लिहिलेल्या विद्यापीठ कायद्यातील ‘माध्यम’ या शब्दापूर्वी ‘अ’ घालायचे की ‘द’, हे तेथे अनुवादकाला ठरवावे लागते.